कापसावरचा तपकिरी डाग

टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसलं, की कापसाचा बोळा तपकिरी होतो. फीत हेडवरून घासत जाते, तेव्हा तिच्यावरचा, आवाज साठवलेला थरच झिजून हेडला चिकटलेला असतो.

आमच्या वेळचा घरगुती कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचे. मी आणि माझा मित्र अरविंद असली यंत्रं भंगारातून गोळा करायचो, उघडून त्यांची मेमरी वाढवायचो, मोडकी बटणं बदलायचो. सगळंच बदलता येतं, या भ्रमात आमची उमेदीची वर्षं गेली.

प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी अरविंद स्वतःच्या आवाजात त्याचं नाव सांगून ठेवायचा, म्हणजे कॅसेटवर जागा सापडायची. अरविंद आता नाही. आज त्याची एक कॅसेट लावली.

"हा सापाचा खेळ. नाही चालला तर हेड पूस गाढवा, आणि पुन्हा लाव."

मग नुसती खरखर. खेळ काही भरला नाही.

सवयीने हेड पुसलं.

"द्या तो बोळा, टाकते," बायको म्हणाली.

मला देववेना. त्या डागात खेळ किती आणि अरविंद किती, कोण सांगणार? आणि तो म्हणाला तसं पुन्हा लावलं, तर उरलेलाही पुसला जाईल.