तीन आण्यांचा टांगा

माणसाला एखाद्या विषयातलं थोडंसं कळायला लागलं की त्याच्याइतका उपद्रवी प्राणी दुसरा नाही. पुष्कळ कळणारे गप्प बसतात आणि काहीच न कळणारे आपापल्या कामाला जातात. मला टपालाच्या घोड्यांबद्दल थोडंसं कळत होतं. तेव्हा मी धुळ्याला शाळेत मास्तर होतो, देवपुरात दोन खोल्यांत राहत होतो आणि लग्नाला पुरती दोन वर्षंही झालेली नव्हती.

या वेडाची सुरुवात राजाच्या रौप्यमहोत्सवाच्या तिकिटांपासून झाली. तोवर तिकीट म्हणजे पुढून राजाचं डोकं आणि मागून आपली थुंकी, एवढंच मला ठाऊक. या तिकिटांवर राजाच्या जोडीला ताजमहाल, सुवर्णमंदिर असली चित्रं आली आणि मी ती जमवायला लागलो. पुढे तो राजा गेला, नवा आला, आणि त्याच्या तिकिटांवर टपाल वाहणारी सगळी मंडळीच अवतरली. कशावर हरकारा, कशावर बैलगाडी, कशावर उंट. तीन आण्यांच्या हिरवट तिकिटावर टपालाचा टांगा होता. तो टांगा पाहिला आणि मी कामातून गेलो.

आग्रा रोडवर आगगाडीच्या आधी टपालाचे घोडे किती कोसांवर बदलत, टांगेवाल्याला शिंग कशाला दिलेलं असे, शिंग वाजलं की बैलगाड्यांनी बाजू कशी द्यायची, हे सगळं मी जुन्या म्हाताऱ्यांना खोदून खोदून विचारलं. मग ते वर्गात सांगितलं, न्हाव्याकडे सांगितलं, पांझरेच्या पुलावर भेटेल त्याला उभं करून सांगितलं. लोक मला लांबून बघून पुलाच्या पलीकडच्या कडेने जायला लागले. मला वाटायचं, घाईत असतील.

याच सुमारास बायकोला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी न्यायला तिचे वडील आले. त्यांना सगळे नाना म्हणत. भडगावला त्यांची कपाशीची शेती. बायको चार इयत्ता शिकलेली, आणि अक्षर माझ्यापेक्षा बरं. निघताना ती दारात जरा घुटमळली आणि म्हणाली, "पत्र टाकत जा हो."

"टाकतो," मी म्हणालो. "पण तू टाकशील त्याला तीन आण्यांचं तिकीट लाव. टांग्याचं."

साध्या पाकिटाला त्याच्या निम्मंही लागत नसे, पण माझा हिशेब वेगळा होता. भडगावला रेल्वे नाही. टपालाची थैली टांग्यातून कजगाव स्टेशनपर्यंत येते आणि तिथे गाडीत चढते. म्हणजे तिकिटावर टांगा, ते तिकीट खऱ्या टांग्यात, आणि वर शिक्का टांग्याच्या गावाचा. असा नग सबंध खानदेशात कुणाकडे नव्हता. असा नग हवा असणाराही सबंध खानदेशात दुसरा कुणी नव्हता, पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या पत्रावरचा शिक्का फासलेला निघाला. पोस्टातल्या गृहस्थाने मिरच्या कुटल्यासारखा तो हाणला होता. दुसऱ्या पत्रावर निम्माच उमटला. आता सांगायला लाज वाटते, पण दिवस भरत आलेल्या बायकोला मी उलटटपाली जे लिहिलं त्यात प्रकृतीची चौकशी दीड ओळ होती आणि शिक्का कसा मारून घ्यावा याच्या सूचना पाऊण पान. पाकिटाखाली जाड वही ठेवावी. शिक्का आधी कोऱ्या कागदावर मारून पाहावा. पोस्टातल्या भाऊंना नम्रपणे सांगावे की घाई करू नका. हे सगळं नानांना, पिकल्या मिशांच्या शेतकऱ्याला, पोस्टाच्या खिडकीशी उभं राहून सांगावं लागलं असणार. जावई पदरात पडला होता, करतात काय.

तिसरं पत्र आलं आणि मी दारातच थबकलो. शिक्का गोल, काळाभोर, भडगावचं अक्षर न् अक्षर वाचता येईल असा. दुसऱ्या दिवशी वाचनालयात माझं व्याख्यान होतं, विषय अर्थात टपालाचे घोडे. तिथे हे तिकीट दाखवायचंच, म्हणून मी धावत जाऊन घंगाळात पाणी घेतलं.

तिकीट सोडवायचं कसं यावर मी शाळेतल्या मुलांचे दोन तास खाल्ले होते. पाकिटाचा कोपरा कापावा, तेवढाच पाण्यावर सोडावा, धीर धरावा. हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाने अख्खं पाकीट, न फोडलेलं, आतल्या पत्रासकट घंगाळात सोडलं आणि शेजारी पाट मांडून बसला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझ्याकडे तर बैलही नव्हता. थोड्या वेळाने पाणी जांभळं व्हायला लागलं. शिक्क्याची शाई जाते की काय या भीतीने मी घंगाळावर वाकलो. पण शिक्का शाबूत होता, तिकीट अलगद सुटून वर आलं होतं. मग ही शाई कुठली, हा प्रश्न मला त्यानंतर पडला.

पत्र दोन पानांचं होतं. पुडीच्या जांभळ्या शाईने लिहिलेलं. मी ते चुलीपाशी वाळवलं, उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं. वर 'श्री' राहिला होता आणि खाली अगदी शेवटी 'लगेच कळवा'. मधे नुसते ढग.

म्हणजे तिने काहीतरी विचारलं होतं. 'पत्र भिजले, पुन्हा लिही' एवढं एक कार्ड टाकायला काय हरकत होती? पण मग ते कसं भिजलं हेही सांगावं लागलं असतं. मी विचार केला आणि कार्ड लिहिलं. 'तुझे पत्र पोचले. लिहिलेस ते सर्व मान्य आहे. तसेच करू.' कुठल्याही पत्राला चालेल असं उत्तर आपल्याला सुचलं म्हणून मी स्वतःवर इतका खूश झालो की पेटीत टाकायच्या आधी दोनदा वाचलं.

व्याख्यानाला सात जण होते. त्यांतले दोघे वर्तमानपत्र वाचायला आलेले आणि अडकलेले. तिकीट हातोहात फिरलं, एकाने ते उलटं धरून पाहिलं. शेवटी जिनिंगमधले एक आबा उठले आणि म्हणाले, "मास्तर, टपालाच्या टांग्यात कधी बसलात का?" मी बसलो नव्हतो. लग्नाला आमचं वऱ्हाड बैलगाड्यांनी गेलं होतं. "अभ्यास असला की बसायची गरज पडत नाही," मी म्हणालो. सगळे हसले, आणि माझ्या उत्तराला हसले असं समजून मीही हसलो.

पुढे आठवडा गेला, पत्र नाही. मग मला झोंबायला लागलं, की मी मान्य काय केलं? धाकट्या मेव्हणीसाठी माझ्या भावाचं स्थळ तर विचारलं नसेल? ती आता वर्षभर तिकडेच राहते असं तर नसेल लिहिलं? वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबायचा आणि मुलं एकमेकांकडे बघायची. रोज पोस्टमन दारावरून जायचा आणि मी, टपालाचा एवढा जाणकार, त्याच्या पाठीकडे बघत उभा राहायचो. बाराव्या दिवशी मी हेडमास्तरांकडून रजा घेतली आणि सकाळची गाडी पकडली.

कजगावला उतरलो तर स्टेशनाबाहेर टपालाचा टांगा उभा. थैली आत ठेवून टांगेवाल्याने मला शेजारी बसवलं. माणूस पन्नाशीचा, डोक्याला मळकं मुंडासं. आता खरं म्हणजे गप्प बसायचं. पण गाव सुटायच्या आत मी विचारलंच, "शिंग नाही वाटतं तुमच्याकडे?"

"शिंग मन्हा आजाकडे व्हतं," तो म्हणाला.

मग मी त्याला शिंगाचा इतिहास सांगितला. घोडे किती कोसांवर बदलत ते सांगितलं. त्याच्या आज्याने जे आयुष्यभर केलं ते मी त्याला पुस्तकी भाषेत समजावून देत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे नीट वळून पाहिलं.

"तुम्ही नानाना जवाई शेतस ना? धुयाना मास्तर?"

मी हो म्हणालो.

"नऊ दिन व्हयनात," तो म्हणाला. "बाई रोज ओटावर बशेल राहस. टांगा उना का इचारस, भाऊ, कोन्ही उनं का? मी सांगस, नही माय, कोन्ही नही उनं. आते तर मन्हा घोडा भी तठे आपसूक उभा राहस."

"कुणी आलं का, असं विचारते? वाट कुणाची बघते?" मी विचारलं. या प्रश्नाइतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारला नसेन.

"तुम्हनी," तो म्हणाला. "तुम्हीच लिखेल शे ना, येस म्हनीसन. बाई घाबरेल शे."

म्हणजे तिने मला यायला लिहिलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं, तसेच करू. ते कार्ड मला अक्षर न् अक्षर डोळ्यांपुढे दिसलं. ती दिवस भरलेली पोर रोज दुपारी ओट्यावर येऊन बसत होती, आणि मी धुळ्याला सात माणसांना टपाल वेळेवर पोचण्याचं महत्त्व सांगत होतो. मला स्वतःची शिसारी आली. त्यानंतर भडगाव येईपर्यंत मी घोड्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.

वेशीतून टांगा आत गेला, दोन वळणं घेतली, आणि लगाम न ओढता घोडा थांबला. ओटा रिकामा होता. टांगेवाल्याने ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पटकन नजर वळवली. मी उतरून ओट्याच्या पायऱ्या चढलो. तेवढ्या चार पायऱ्यांत मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

सासूबाई, म्हणजे अक्का, गरम पाण्याचं पातेलं घेऊन आतून येत होत्या. मला बघून त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

"उनात का?" त्या म्हणाल्या. "पहाटेच सुटनी बिचारी. पोरगी शे. दोन्ही बऱ्या शेतस."

मी तिथेच खाली बसलो. अक्कांनी मला तांब्याभर पाणी दिलं आणि बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत नेलं. आत जायचं नाही, तिथूनच बघायचं. खोलीत शेपा-ओव्याचा धूर भरला होता. ती बाजेवर पडून होती, शेजारी एक गाठोडं. चेहरा उतरलेला, पण डोळे माझ्यावर रोखलेले.

"पत्र पोचलं होतं ना?" तिने विचारलं.

मी खरं सांगितलं. घंगाळ, जांभळं पाणी, 'श्री' आणि 'लगेच कळवा'. सांगताना मला वाटलं ती रडेल, नाहीतर तोंड फिरवेल. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"म्हणजे वाचलंच नाही."

"नाही."

"मग 'तसेच करू' कसं लिहिलंत?"

मी टोपी काढून हातात घेतली.

"मी लिहिलं होतं, मला भीती वाटते," ती म्हणाली. "सुईण म्हणते मूल आडवं आहे. तुम्ही या. काही करू नका, नुसते बाहेर बसून राहा. जमणार नसेल तर तसं लगेच कळवा, म्हणजे मी वाट बघणार नाही."

आत कोळसा तडतडला. अक्का पाठमोऱ्या होऊन धुरीत ओवा टाकत राहिल्या.

"तिकीट चांगलं निघालं का?" तिने विचारलं.

"निघालं."

"बघू."

ते माझ्या खिशात होतं. एवढं सगळं झालं तरी ते मी कागदात नीट घडी करून बरोबर आणलं होतं. मी कागद उंबऱ्याच्या आत सरकवला. अक्कांनी तो उचलून तिच्या हातात दिला. तिने तिकीट खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"शिक्का छान बसलाय," ती म्हणाली. "नानांनी दोन खेपा घातल्या त्याच्यासाठी." मग पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. "पण एवढ्याशा टांग्यात कोण बसलंय ते काही दिसत नाही. मी नऊ दिवस तेच बघत होते."

मला रडू आलं. सासूसमोर, उंबऱ्यावर, टोपी हातात धरून मी रडलो. गाठोड्यातूनही रडण्याचा आवाज सुरू झाला तेव्हा अक्का म्हणाल्या, एका वेळी एकच सांभाळता येईल, आणि मला बाहेर घालवलं.

माजघरात माझ्यासाठी पाट मांडला होता, पण मी ओट्यावर जाऊन बसलो. नाना शेतातून आले आणि माझ्या शेजारी बसले. दिवस कलायला लागला तसा पोस्टाकडून घुंगरांचा आवाज आला. थैली घेऊन टांगा स्टेशनाकडे परत निघाला होता. ओट्यासमोर आल्यावर घोडा आपणहून थांबला.

टांगेवाला खाली वाकला. त्याने आधी आत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, कोन्ही उनं का?"

"उनी," मी म्हणालो. "पोरगी उनी."