मुठीतला कांदा

दुपारी प्रयोगशाळेत डबा खाताना कुणीतरी बुक्कीने कांदा फोडला आणि त्या वासासरशी मी रोह्याजवळच्या एका ओटीवर जाऊन पोहोचले.

वीस वर्षं होत आली. फिट येण्याचा आजार काही घरांतच का उतरतो, हे शोधायला मी तेव्हा पेण-रोह्याच्या गावांतून रक्ताचे नमुने गोळा करत फिरायचे. अंगात दम होता. त्या ओटीवर चार वर्षांची सुली नुकतीच फिट येऊन आईच्या मांडीवर गळून झोपली होती. आईच्या मुठीत ठेचलेला कांदा तसाच होता आणि रस मनगटापर्यंत ओघळला होता.

मी शहाणपणाने म्हटलं, "ताई, कांदा हुंगवून फिट थांबत नाही. ती आपली आपणच थांबते."

"ठाव हाय मला," ती शांतपणे म्हणाली. "पन बाय, ती थांबंस्तवर मी हातात काय धरू?"

मला तेव्हा तिचा रागच आला. वहीत मी ठसठशीत अक्षरांत 'अडाणी समजूत' असं लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

इतकी वर्षं गोठवून ठेवलेल्या सुलीच्या नमुन्यात जनुकातला दोष अखेर सापडला. त्याला लांबलचक नाव आहे. औषध अजून नाही. हे तिच्या आईला कळवायचं काम माझ्याकडे आहे. छापलेला अहवाल सकाळीच आला आणि तेव्हापासून मी तो नुसता हातात धरून बसले आहे.