टोपी

शंकरमामांच्या कमाईवर मी पदवीधर झालो. गोल्फ क्लबात ते साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहायचे आणि भोकाजवळच्या हिरवळीचा उतार अनवाणी पायांनी ओळखायचे. "साहेब, डावीकडं वाहतंय," ते एकदा म्हणाले. "तुझ्या पायाला नांगरट कळते रे, गोल्फ नाही," साहेब हसले. साहेबांचा फटका चुकला, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर मामांच्या डोक्यावरची टोपी हाताने उडवली.

आता मीही त्या क्लबाचा सभासद आहे; काल त्याच हिरवळीवर, त्याच साहेबांविरुद्धच्या सामन्यात माझा शेवटचा फटका होता. चेंडू मी मऊ निवडला होता. टणक चेंडू हलक्या फटक्यात हाताला काही सांगत नाही. पण मनात सूड असला की मूठ आवळते आणि चेंडू भोकाच्या कडेवरून निसटतो. सूडही काठोकाठ भरलेल्या पेल्यासारखा सैल हातानेच न्यावा लागतो.

मी बूट काढले.

"हे काय आता?" साहेबांनी विचारले.

"भुईला विचारतोय."

रात्री मामांना पत्र लिहिले: "मामा, उतार अजून डावीकडंच वाहतो. चेंडू भोकात पडला आणि खेळाच्या रीतीप्रमाणे साहेबांनी माझ्यासमोर टोपी काढली. स्वतःच्या हातानं."