दुसरी काठी

सकाळी दुकानाचं शटर वर ढकलत होते आणि फोन वाजला. नागोजीराव मामांच्या मुलीचा, वसुधाचा. "अक्का, अप्पा होगबिट्रु..." एवढंच ती कन्नडात बोलली, मग मला कळलं नसेल असं वाटून पुन्हा मराठीत म्हणाली, "अप्पा गेले. चहा पाहिजे म्हणाले, मी करून आणेपर्यंत..." पुढं ती काय बोलली ते आठवत नाही. शटर अर्ध्यावर राहिलं होतं आणि माझ्या हातात आकडी लावलेली बांबूची काठी होती. ती काठी मामांचीच. आज सव्वा महिना झाला, पण ती रोज हातात घ्यावीच लागते. त्याशिवाय माझं दुकान उघडत नाही की मिटत नाही.

मी आटपाडीकडची. सातवीत शाळा सुटली, शिवणकाम हाताला लागलं, लग्न झालं आणि म्हैसूरला आले. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कुठं कुठं पांगलेली, तसेच आमचे हेही. इथल्या विजयनगर भागात भाजीच्या गाड्यावर मी बोटं दाखवून भाव करत होते, तेव्हा मागून आवाज आला, "कुठल्या गावच्या हो तुम्ही?" मला रडूच फुटलं. परक्या मुलखात आपली भाषा अशी पाठीमागून येते तेव्हा काय होतं, ते गाव सोडलेल्यालाच कळेल. ते मामा. त्यांचे पूर्वज इथल्या राजाच्या फौजेत आलेले. त्यांचं मराठी चार भिंतींत वाढलेलं, निम्मं कन्नड मिसळलेलं. मी त्यांना मामा म्हणायची आणि ते मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. नातं कुठूनच जुळत नव्हतं, पण आम्ही दोघांनीही ते बदललं नाही. आम्हाला कोणी दुकानाचा गाळा देईना. मालकानं विचारलं, या बाईला ओळखतं कोण? मामा म्हणाले, "मी ओळखतो की." आणि कागदावर सही ठोकली. तेव्हा आमची ओळख जेमतेम बारा दिवसांची होती.

मामा कुवेंपुनगरात राहायचे, पण सगळी नोकरी त्यांनी हुणसूरला केली. रोज बसनं जायचं आणि तंबाखूची पानं निवडायची. रंग बघून, चुरगाळून, वास घेऊन पानाची प्रत ठरवायची. निवृत्त झाले तरी बोटं तशीच. माझ्याकडं आले की कापडाचा कोपरा दोन बोटांत धरून चोळायचे आणि "दुसऱ्या नंबरचा माल आहे हा" म्हणायचे. बहुतेक वेळा बरोबर असायचं. सरोजा मामींना कॅन्सर झाला, तो पोटात पसरला. शेवटी शेवटी पाणीसुद्धा राहत नव्हतं. तेव्हा कुणीतरी ओळखीच्यानं मामांना गांजाची एक पुडी आणून दिली. त्यानं मामी चार दिवस झोपल्या, एकदा सारू-भात मागून खाल्ला. पाचव्या दिवशी शेजारी कुणाकडं तरी पोलीस आले. दुसऱ्याच कामाला आले होते. पण मामांनी घाबरून पुडी संडासात टाकली आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं. मामी त्यानंतर सात आठवडे जगल्या... कशा, ते मामांनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, "तंगी, ज्या पानानं लोकांच्या छातीला भोकं पडतात, त्याला मी जन्मभर नंबर दिला. त्यावर सरकारचा शिक्का. आणि जे पान तिला झोप देत होतं, ते मी या हातानं टाकलं."

म्हणून ते मोर्चा काढायचे. दर मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी, पोलिसांच्या परवानगीचा कागद खिशात घालून. गांजाचा कायदा बदला, निदान आजाऱ्यांना तरी औषध म्हणून मिळू द्या, एवढीच मागणी. पहिल्या वर्षी ते माझ्याकडं फलक शिवायला आले. फ्लेक्स नको, कापडीच पाहिजे. बारा हात लांब, दोन्ही टोकांना काठी घालायला खोळ, आणि मधे वाऱ्यासाठी अर्धचंद्राच्या चिरा. चिरा नसल्या तर फलकाचं शीड होतं आणि माणसं फरफटतात, हे मला त्यांनीच शिकवलं. रंगानं लिहायचं नाही, हिरव्या कापडाची अक्षरं कापून शिवायची. "दुखणाऱ्याला औषध द्या, शिक्षा नको." कन्नडात होतं हे. मला वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षर कागदावर काढून द्यायचं आणि मी ते नक्षीसारखं शिवायचं. त्या वर्षी चाळीसएक माणसं होती. एक डॉक्टर, काही आजाऱ्यांचे नातेवाईक, बाकी कॉलेजची पोरं ढोल घेऊन. परत आल्यावर मामा हसत होते. "एक पोरगा मला विचारतोय, अंकल, माल आहे का? मी म्हटलं, असता तर तुझ्याबरोबर उन्हात कशाला चाललो असतो रे?"

पुढच्या वर्षी पोरं आली नाहीत. कुणाला पासपोर्ट काढायचा होता, कुणाला नोकरी लागली होती. मामा फलक घेऊन आले आणि म्हणाले, "आठ हात कर. मधेच लोंबतोय, बघणाऱ्याला वाईट दिसतंय." मी शिवण उसवली, शब्द जवळ घेतले, उरलेलं कापलं. त्याच्या पुढच्या वर्षी डॉक्टरांची बदली झाली. सहा हात. मग नातेवाईक गळाले. ज्यांचं माणूस गेलं, त्यांना आता कशासाठी चालायचं असं झालं असेल. चार हात. आता पाच शब्द बसेनात, म्हणून "शिक्षा नको" काढून टाकलं. फलक बनवणारी मीच आणि दरवर्षी त्याला कात्री लावणारीही मीच. कापलेला एकही तुकडा मी फेकला नाही. काय करणार होते त्याचं, मलाही माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी मामा आले तेव्हा फलकाबरोबर दोन्ही काठ्याही घेऊन आले. टेबलावरच्या कापडाचा कोपरा चोळत बसले. माझी मशीन चालू होती. मग म्हणाले, "तंगी, या वेळी कोणीच नाही. एक काठी मी धरतो. दुसरी तू धरशील का? अर्धा तास फक्त. चोरी नव्हे, परवानगी आहे."

मी मशीन थांबवली नाही. सोनं गाळणाऱ्याच्या घरात पोलीस हा शब्द कसा ऐकला जातो, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. कुठं दागिना चोरीला गेला की पहिली थाप आमच्या दारावर. आमचे हे नेहमी म्हणतात, आपण परक्या गावात आहोत, आपलं नाव कुठल्याच वहीत येता कामा नये. मला मोर्चात कोणी ओळखलं, फोटो निघाला, तर?... तोंडानं मात्र म्हटलं, "मामा, एकट्याला धरता येईल असा करून देते ना."

आणि दिला करून. छातीवर बांधायचा, वीतभर रुंद आणि हातभर लांब, मागे गाठ मारायला चार नाड्या. त्यावर एकच शब्द मावला. औषध. कन्नडातही औषधच म्हणतात. शिवण मी इतकी सुबक घातली होती की मामांनी दोन बोटांत धरून चोळलं आणि म्हणाले, "पहिल्या नंबरचं काम." काठ्या कोपऱ्यात उभ्या केल्या. "राहू देत इथं. पुढच्या वर्षी लागतील की." त्यातल्या एकीला मी पुढं शटरसाठी आकडी बसवून घेतली.

त्या शनिवारी मी गेले. मोर्चाला नाही, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, हातात पिशवी घेऊन, फुलं बघतेय असं दाखवत. मामा एकटे येत होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर माझं काम. मागून मोटारसायकलवर दोन पोलीस, एकजण जांभई देत होता. लोक थांबून बघत होते, पण मोर्चा आहे हे कुणालाच कळत नव्हतं. एक म्हातारी ऑटोतून उतरली आणि सरळ मामांपुढं जाऊन उभी राहिली. तिला ते औषधाच्या दुकानाची जाहिरात करणारे वाटले. गुडघ्यावर हात ठेवून तिनं विचारलं, सार, माझ्या गुडघ्याला मिळेल का? दुकान कुठं आहे?

मामा थांबले. वाकून म्हणाले, "नाही अम्मा, मिळत नाही. तेच सांगत चाललोय."

मी पलीकडून हाक मारली नाही. दोन काठ्या, बारा हात कापड, पाच शब्द असते तर त्या म्हातारीला कळलं असतं. मी एक काठी धरून तेवढं झालं नसतं हे खरं, पण चार हातांचा फलक तरी उघडा राहिला असता... आठवड्यानं मामा दुकानात आले आणि म्हातारीची गोष्ट मलाच हसून सांगितली. मी पण हसले. मी तिथं होते हे सांगितलं नाही. वर्षभरात सांगायला कितीतरी वेळ होता.

दिवसकार्याला गेले तेव्हा वसुधानं तो छातीचा फलक मला परत दिला. "तुम्हीच ठेवा अक्का. मी बेंगळूरला घेऊन काय करू?" नाड्यांच्या गाठी तशाच होत्या, डोक्यावरून काढलेला. मी दुकानात आणला, इतक्या वर्षांचे तुकडे पिशवीतून काढले आणि सगळं परत जोडलं. जोड दिसतात. हिरवा रंग जागोजागी वेगळा विटलेला. पण बारा हात पुरे झाले, शब्दही पाचच्या पाच. माझा गाळा जेमतेम सहा हातांचा, त्यामुळं तो मी पूर्ण उघडून पाहिलेला नाही.

या वर्षीचा मे महिन्याचा पहिला शनिवार आला आणि गेला. परवानगी कुणी मागितली नाही. मी दिवसभर ब्लाऊज शिवले. जिला ओळखतो म्हणून मामांनी सही केली होती, ती बाई कोण होती, हा विचार मशीनच्या आवाजात फार वेळ टिकत नाही, हे बरं आहे. संध्याकाळी काठी घेतली, आकडी अडकवली, शटर खाली ओढलं. दुसरी काठी कोपऱ्यात उभी असते. तिचा काही उपयोग नाही. झाडताना ती बाजूला करते, मग पुन्हा होती तिथं ठेवते.