अभिमताची बारा पानं

बढती मिळाली की लोक पेढे वाटतात. मला मिळाली तेव्हा जळगाव सोडून धुळ्याला जावं लागणार होतं, म्हणून मी कुणाला काही सांगितलंच नाही. जळगावात माझं घर होतं, ठरलेला भाजीवाला होता, रिक्षावाल्यांशी रोजची भांडणं होती. धुळ्यात माझ्या वाट्याला एका सरकारी कार्यालयाची विधी शाखा आली. शाखा म्हणजे दोन टेबलं, तीन कपाटं आणि नाना.

नाना लिपिक. त्यांनी तीनदा बढती नाकारली होती, कारण बढती घेतली की धुळं सोडावं लागतं. त्यामुळे कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ होते आणि प्रत्यक्षात त्यांना विचारल्याशिवाय मला टाचणीसुद्धा सापडत नसे. माणूस सरळ आणि कमालीचा काटकसरी. एका बाजूला लिहिलेला, पाठीमागून कोरा असा कागद त्यांना दिसला की त्यांचे डोळे चमकत. असे पाठकोरे कागद ते एका ट्रेमध्ये रचून ठेवत आणि सगळे कच्चे मसुदे, सगळ्या स्थळप्रती त्यांच्या पाठीवर लिहीत. स्थळप्रत म्हणजे पाठवलेल्या पत्राची आपल्याकडे ठेवायची प्रत. "सरकारचा कागद आहे मॅडम, दोन्ही अंगांनी वापरला पाहिजे," असं ते म्हणत. मला त्यांचं कौतुक वाटायचं. अजूनही वाटतं, पण आता जरा दात खाऊन.

सरकारी टेबलावर कागदांचे सहा गठ्ठे असावेत असा दंडक आहे. त्यातला एक प्रतीक्षाधीन, म्हणजे दुसऱ्या कार्यालयाकडून उत्तर यायचं आहे अशा प्रकरणांचा. नानांचा बाकीचा कारभार चोख, पण हा गठ्ठा त्यांच्या डोक्याच्या वर गेलेला. सगळ्यात जास्त प्रतीक्षा होती ती मुंबईची. राज्य सरकारचे सगळ्यात वरचे वकील तिथे बसतात. कायद्याचा पेच पडला की सरकार त्यांना विचारतं आणि ते लेखी मत देतात. त्या मताला आम्ही अभिमत म्हणत असू आणि त्या कार्यालयाला नुसतं 'वर'. 'वरून आलं का?', 'ते अजून वरच आहे.' पहिले काही दिवस मला वाटायचं, शाखेत कुणी वारलंय की काय.

दर मंगळवारी अकराच्या सुमाराला दारात एक म्हातारी उभी राहायची. सोनगीरच्या पुढच्या एका गावाहून एसटीने यायची. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. ती पायरीवर चपला काढायची आणि आत न येता विचारायची, "वरतून उनं का, ताई?"

"नाही आलं, अक्का."

"बरं." एवढं म्हणून ती बाकावर पाण्याची बाटली संपेपर्यंत बसायची आणि परतीची एसटी गाठायची.

तिचं प्रकरण साधं होतं. धरणात गाव गेलेल्या लोकांना फार पूर्वी तिथे घरांसाठी जागा दिल्या होत्या. त्यातली एक गल्ली नेमकी नकाशाच्या रेषेवर आली. त्या गल्लीतली घरं राहणाऱ्यांच्या मालकीची की सरकारच्या, हे कुणालाच सांगता येईना, म्हणून वर विचारलं गेलं होतं. अक्काचं घर त्या गल्लीत. नवरा वारलेला, पोटी मूल नाही. दिराच्या मुलांचं म्हणणं असं की घर सरकारी आहे, तुझा त्यावर हक्क नाही, तू आमच्या पडवीत येऊन पड. त्या जागेवर त्यांना दुकानाचा गाळा काढायचा होता. घराच्या उताऱ्यावर अक्काचं नाव लागलं तरच ती त्या घरात राहणार होती आणि नाव लागायचं तर अभिमत हवं होतं.

"पुतन्या म्हनतस, आखाजी झायी का घर पाडसूत," तिने एका मंगळवारी सांगितलं. आखाजीला दोन महिने होते. आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात तो हा सण, आणि ही बाई त्याच सणाला घराबाहेर पडणार होती. मला राग आला. तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून मी प्रतीक्षाधीन गठ्ठा खाली ओढला.

प्रकरण मी पहिल्या कागदापासून वाचायला घेतलं. सहा वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाने वर लिहिलं होतं की सदर अभिमत अप्राप्त आहे, प्रत पाठवावी. त्याच सुमारास वरून आम्हाला पत्र आलं होतं: जुन्या अभिमतांचं दप्तर लावण्याचं काम चालू असून सदर अभिमताची आमची प्रत आढळत नाही, आपल्याकडील प्रत पाठवावी. नानांनी ते पत्र आपल्या पत्राला लावलं आणि 'पत्रव्यवहार चालू' असा शेरा मारला. सहा महिन्यांनी आपण स्मरणपत्र पाठवलं. सहा महिन्यांनी त्यांनी पाठवलं. मग आपण दुसरं, त्यांनी दुसरं. दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे एकच कागद मागत होती आणि दोन्हीकडे त्याची नोंद नियमित होत होती.

"नाना, ते आपल्याकडेच मागतायत!"

"हो ना," नाना म्हणाले. "म्हणजे विषय त्यांच्याही लक्षात आहे."

मी वर फोन लावला. पलीकडचे गृहस्थ अतिशय अदबीने बोलले. मी विषय सांगताच त्यांनी विचारलं, "आमचं अकरावं स्मरणपत्र पोचलं का, मॅडम?" मी म्हटलं, पोचलं, आणि आमचं? तेही पोचलं होतं. आम्ही एकमेकांचे आभार मानले. फोन ठेवल्यावर मी नानांच्या डब्यातल्या दोन मिरच्या नुसत्याच खाल्ल्या.

मग वरून नवीन आदेश आला. अभिमतांचा सगळा जुना पत्रव्यवहार, स्मरणपत्रांसह, स्कॅन करून पाठवा. एक यंत्र भाड्याने आलं. शाखेत संगणकाला न घाबरणारी मी एकटीच, त्यामुळे ते माझ्या टेबलावर बसलं. ते यंत्र कागदाच्या दोन्ही बाजू आपोआप टिपायचं, कोरी असो की लिहिलेली. मी पहिल्यांदा अक्काचंच प्रकरण घातलं. पडद्यावर नानांच्या वळणदार अक्षरातली पहिल्या स्मरणपत्राची स्थळप्रत आली: 'सदर अभिमत अद्याप अप्राप्त आहे.' खाली त्याच कागदाची पाठ आली. टंकलेखन यंत्रावर टंकलेलं इंग्रजी, गल्लीचा गट क्रमांक, गावाचं नाव आणि पान एक.

मी दुसरं स्मरणपत्र उलटलं. पान दोन. तिसरं उलटलं. पान तीन.

वरून आलेलं अभिमत आमच्याकडे होतं. ते मिळालं नाही असं अकरा वेळा आम्ही त्याच्याच पाठीवर लिहिलं होतं.

मी अकराही कागद उलटून टेबलावर ओळीने मांडले. मग इतकी हसले की शेजारच्या आस्थापना शाखेतले लोक डोकावले. मग रडायला आलं. नानांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, अकरा पानं ओळीने पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. पण खुलासा त्यांच्याकडे तयार होता. हे कागद आले तेव्हा सोबत पत्र नव्हतं. पत्र नाही म्हणून आवक क्रमांक पडला नाही. आवक क्रमांक नाही म्हणजे कागद आलेला नाही. आणि जो आलेलाच नाही तो एका बाजूने कोरा असेल तर जाणार कुठे? ट्रेमध्ये. त्यावर त्याच गावाचं नाव दिसलं, म्हणून ते कागद त्यांनी त्याच प्रकरणाच्या स्थळप्रतींसाठी राखून ठेवले. हे सगळं त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की क्षणभर मला ते पटलं.

"पण नाना, शेवटी काय म्हटलंय? अकरा पानांत नुसता इतिहास आहे. निष्कर्ष कुठाय?"

"बारावं पान असणार."

"ते कुठाय?"

नानांची स्मरणशक्ती फार वाईट, म्हणजे फार चांगली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बाराव्या स्मरणपत्राची वेळ अजून आली नव्हती. ट्रेमधला वरचा कागद तसाच होता. तो तुम्ही घेतला, मॅडम. पहिल्याच आठवड्यात. अक्काला लिहून द्यायला."

मला आठवलं. धुळ्यात नवीन होते. फाटकावरचा शिपाई अक्काला दर वेळी अडवायचा, म्हणून मी तिला एका कागदावर लिहून दिलं होतं: 'अर्जदार यांचे प्रकरण अभिमताअभावी प्रलंबित आहे. त्यांना विधी शाखेत सोडावे.' खाली सही, शिक्का. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश झाले होते. बसमध्ये एका अनोळखी बाईलासुद्धा मी ते सांगितलं होतं.

मंगळवारपर्यंतचे चार दिवस मला नीट जेवण गेलं नाही. अक्का आली. चपला काढल्या. "वरतून उनं का, ताई?"

"अक्का, तो मी दिलेला कागद दाखव बरं."

तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपलेला कागद काढला, पण हातात देईना. "हाऊ कागद मी नही देत. हाऊ कागद शे म्हनून माले आत येऊ देतस."

मी समजावलं. नानांनी समजावलं. ती छातीशी धरून बसली. तिच्या दृष्टीने तो एकमेव कागद होता ज्यावर तिची वाट पाहणं सरकारने मान्य केलं होतं. शेवटी नाना म्हणाले, अक्का, कागद तुझ्याच हातात राहू दे, फक्त उलटा धर. तिने उलटा धरला. पान बारा. खाली सही.

मी तिच्या हातातूनच वाचलं. अक्काने तो स्वतःच्या हाताने यंत्रात सरकवला आणि बाहेर येताच परत घेतला. आता नकला काढायच्या आणि त्यांवर आमच्या कार्यालयाच्या साहेबांची सही घ्यायची, एवढंच उरलं होतं. साहेबांनी पानं पाहिली आणि शंका काढली. पानांची स्मरणपत्राची बाजू वर्षभराने नष्ट करायच्या वर्गातली, अभिमताची कायम जतन करायच्या. एकच कागद नष्ट आणि जतन कसा करायचा? "वर मार्गदर्शन मागवा," ते म्हणाले.

माझा आवाज चढला असता. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मी शिकले होते. मी म्हटलं, "साहेब, वरच्यांनी आपल्याकडे प्रत मागितली आहे. आज पाठवली तर त्यांची अकराही स्मरणपत्रं निकाली निघतात. या महिन्याच्या गोषवाऱ्यात अकरा निकाली दिसतील." साहेबांनी पेन उघडलं आणि प्रत्येक नकलेवर सही केली. मार्गदर्शन राहून गेलं.

अक्का बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. माझी बोली जळगावच्या पूर्वेकडची, तिची धुळ्याची. पण इंग्रजीपेक्षा आम्ही एकमेकींना जास्त जवळच्या. बाराव्या पानावर वकिलांनी दोन ओळींत लिहिलं होतं की गल्लीतल्या लोकांना ज्या दिवशी जागेचा ताबा दिला त्या दिवसापासूनच ते मालक आहेत. त्यासाठी कुठल्याही अर्जाची किंवा मंजुरीची गरज नाही.

"म्हणजे काय, ताई?"

"म्हणजे घर तुझं आहे, अक्का. तुझ्या मालकांचं होतं, त्यांच्यामागे तुझं. ही नक्कल तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला दे, मी दोघांना फोन करते. आता कुणी पाडू शकत नाही."

"पुतन्या?"

"पुतण्यांचा बापसुद्धा नाही."

ती हसली. तिच्या तोंडात पुढचे दात नव्हते हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. नानांनी चहा मागवला. मला वाटलं, चला, संपलं. इतका आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

चहाचा कप तसाच धरून ती बराच वेळ काहीतरी जुळवत होती. मग म्हणाली, "ताबा दिधा त्या दिनपाईन?"

"हो, त्या दिवसापासून."

"मंग त्या वारनात, तवय हाई घर त्यासनंच व्हतं?"

"त्यांचंच होतं, अक्का."

तिने कप खाली ठेवला. नवऱ्याचं शेवटचं दुखणं तिने तेव्हा सांगितलं, अगदी साध्या आवाजात. पुतण्यांनी तिच्या मनात भरवलं होतं की सरकारी घरात मरण आलं तर पंचनामा होईल, पोलीस येतील. नवरा घरातून हलायला तयार नव्हता. दाराची चौकट त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

"मी त्यासनी बोटं सोडाई," ती म्हणाली. "आन् पुतन्यासना ओटावर लई गऊ."