पत्रकांचं रॉकेट

पोस्टर चिकटवायच्या खळीचा वास आला की आगाशी गावातली ती सकाळ आठवते. गावामागच्या तळ्याभोवती बिल्डरने उंच पत्रे ठोकले होते. आत भराव चाललाय असं आम्ही ओरडत होतो, आणि तहसीलदार साहेब म्हणायचे, "पुरावा आणा." ड्रोनला परवानगी मिळेना, म्हणून मैत्रिणीने उरलेली 'तळं वाचवा' पत्रकं खळ लावून थरावर थर गुंडाळली, त्यांचं रॉकेट केलं आणि टोकात बोटाएवढा कॅमेरा बसवला. "वर जाईल ना गं?" मी विचारलं. "तुझ्या भाषणापेक्षा तरी जाईल!" बटण दाबलं तसं ते धूर सोडत माडांच्या वर गेलं आणि छत्री उघडून शेजारच्या केळीच्या वाडीत उतरलं. आम्ही अक्षरशः नाचलो. बांधावर बसून व्हिडिओ लावला, तर पत्र्यांमागे पाण्याचा थेंब नव्हता. रोलर फिरवलेला लाल मुरूम होता नुसता. "अगं, मग आपण वाचवत काय होतो?" ती पुटपुटली. तरी व्हिडिओ साहेबांना नेऊन दाखवला. त्यांनी शांतपणे पाहून विचारलं, "यात तळं कुठाय?" आज मी दुसऱ्या तळ्यासाठी दारोदार फिरतेय. तेही पत्र्याआड गेलंय, आणि वरून बघायची माझी हिंमत होत नाही.