ट्रम्पेटवाला गप्प बसतो तेव्हा

चाकणपासून देहूरोडपर्यंत माझ्यासारखा ट्रम्पेट वाजवणारा नाही, हे मी म्हणत नाही. लोक म्हणतात, मी फक्त त्यांना आठवण करून देतो. एरवी कंपनीत शिफ्ट, लग्नसराईत बँड. माझा वरचा सूर लागला की मार्केटातल्या कांद्यांची सालं आपोआप उतरतात. एकदा तर नवरदेवाची घोडी दोन पायांवर नाचत मांडवात शिरली, ती थेट अंतरपाटापाशी थांबली.

तर गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी निघोज्याहून मेहुणा आला. बगलेत स्पीकर. "दाजी, तुमच्याच लाइनीतलं आहे, ऐका." अमेरिकेतला जॅझचा भलामोठा बँड, वाजवत होता ब्लूज, म्हणजे दुःखाचं पण ठेक्यातलं. आणि सगळ्यांच्या पुढं ट्रम्पेट.

मी कान टवकारले, अर्थात चुका काढायला. गडी एक ओळ वाजवायचा, तीच पुन्हा वाजवायचा, मग तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचा. इथवर ठीक. पण प्रत्येक ओळ संपली की बाबा चक्क गप्प! मागं सॅक्सोफोन आपसात कुजबुजायचे, पियानो हळूच 'हं' म्हणायचा, मग हा पुन्हा तोंड उघडणार.

"दम संपला त्याचा," मी निकाल दिला. आमच्यात ट्रम्पेट थांबला की वरात थांबते.

बायको भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनीच दारात आली आणि भावाला म्हणाली, "परत लाव रे."

परत! माझ्या वाजवण्यावर या बाईचा आजवर एकच शेरा: "खिडकी लावून घ्या, शेजारी नाइट करून झोपलेत."

"एवढं काय आहे त्यात?" मी विचारलं.

"तो थांबतो ना, तेव्हा बाकीच्यांचं ऐकू येतं. तुम्ही कधी तुमच्या बँडातल्या क्लॅरिनेटवाल्या काकांना बोलू दिलंय?"

मेहुणा स्पीकरमागं तोंड लपवून हसला.

त्या न पाहिलेल्या माणसावर मी असा जळलो, की उरलेल्या भाकरी माझ्या छातीवर भाजून निघाल्या असत्या. कंपनीच्या बसमध्ये रोज तेच ऐकलं. चूक काही सापडेना. म्हटलं, बायकोला गप्प बसणंच आवडतं ना? मग याच्यापेक्षा भारी गप्प बसून दाखवतो!

पुढचं लग्न तिच्याच माहेरचं. वरात रंगात आलेली, ती समोरच. मी एक ओळ फेकली आणि ट्रम्पेट खाली घेतला. नाचणारी पोरं हात वर करून तशीच थिजली.

"काय राव, बंद पडला का?" कुणीतरी ओरडलं.

ओठ शिवशिवत होते, पण हललो नाही. तेवढ्यात मागून, जन्मभर माझ्या सुराखाली दबलेल्या काकांनी एक तान सोडली. साजूक तूप! पोरं डुलायला लागली.

परतताना बायको गाडीवर मागं बसली. मी शाबासकीची वाट बघत गाडी मुद्दाम हळू चालवली.

"काय गोड वाजवलं हो," ती शेवटी म्हणाली, "काकांनी."

आता मला दोघांवर जळावं लागतं. एक अमेरिकेत, दुसरा माझ्याच मागच्या रांगेत.